मेंदूंतील 'चल' आणि 'थांब'

शाळेचा वर्ग शांत असतो, तेव्हां त्या शांततेचे दोन अर्थ संभवतात. एक तर वर्ग रिकामा असेल. नाहीं तर चाळीस मुलें आपापली वाचा आवरून बसलीं असतील. ओसरीवरून जाणाऱ्याला दोन्ही प्रकार सारखेच भासतात. परंतु पहिल्यांत कांहींच घडत नसतें, आणि दुसऱ्यांत पुष्कळ कांहीं घडत असतें. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना हा भेद नीट ओळखण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. मज्जातंतु म्हणजे हुकूम पोंचविणारी तार, आणि हुकूम म्हणजे हालचाल, एवढेंच प्रथम ठाऊक होतें. 'थांब' हाही एक हुकूमच आहे, आणि तो देण्यासाठीं मेंदूंत निराळ्या पेशी व निराळीं द्रव्यें राबत असतात, ही गोष्ट मागाहून उलगडली. ती कशी उलगडली, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. 'चल' या हुकुमाला आपण उत्तेजन म्हणूं आणि 'थांब' या हुकुमाला निरोधन म्हणूं.

१८४५ सालीं एर्न्स्ट व एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनीं व्हेगस नांवाच्या मज्जातंतूला विजेचे झटके दिले. हा मज्जातंतु मेंदूपासून निघून हृदयाकडे जातो. तत्कालीन समजुतीप्रमाणें हृदयाचे ठोके वाढावयास हवे होते. घडलें तें उलटेंच. हृदय मंदावलें, आणि झटके जोरकस होतांच थांबलें. वीज बंद केल्यावर तें पुन्हा चालूं लागलें. तारेंतून निरोप गेला होता यांत शंका नव्हती. पण तो निरोप थांबण्याचा होता.

हृदयापुरतें हें खरें. पण प्रत्यक्ष मेंदूंत असें कांहीं घडतें काय? हा प्रश्न इव्हान सेचेनोव्ह या रशियन वैद्यानें हातीं घेतला. १८६२ सालीं तो पॅरिसमध्यें क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत होता. बेडकाचा पाय सौम्य आम्लांत बुडविला कीं कांहीं क्षणांत बेडूक तो आखडून घेतो. सेचेनोव्हनें ते क्षण मोजले. मग बेडकाच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागावर मिठाचा खडा ठेवून पुन्हा मोजणी केली. आतां पाय उचलण्यास फार वेळ लागूं लागला. खडा काढून तो भाग धुतल्यावर पहिली चपळाई परत आली. मेंदूचा तो भाग चेतविल्यानें खालची हालचाल दबली होती.

या प्रयोगावरून सेचेनोव्हनें एक धाडसी सिद्धांत मांडला. विचार म्हणजे शेवटची हालचाल रोखून धरलेली प्रतिक्षिप्त क्रियाच होय, असें त्यानें १८६३ सालीं लिहिलें. झारच्या अंमलदारांना हें लिखाण नीतीला घातक वाटलें. १८६६ सालीं तें पुस्तकरूपानें निघतांच त्याच्या प्रती अडकवून ठेवण्यांत आल्या, आणि ग्रंथकारावर खटला भरण्याची तयारी झाली. खटला उभा राहूं शकला नाहीं आणि पुस्तक पुढें मोकळें झालें. मेंदूंतील निरोधनाचा शोध लावणाऱ्याला सरकारी निरोधनाचाही अनुभव असा घ्यावा लागला!

यानंतरचें मोठें नांव इंग्लंडांतील चार्ल्स शेरिंग्टन यांचें. आपण हात कोपरांत वाकवून पहावा. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायु आखडतो, आणि त्याच क्षणीं मागच्या बाजूचा सैल पडतो. हा मागचा स्नायु केवळ काम नाहीं म्हणून सैल पडतो, असें कोणालाही वाटेल. शेरिंग्टन यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तो सैल सोडला जातो. एकच संवेदना पृष्ठरज्जूंत पोंचते. तेथें एका गटाला 'चल' आणि त्याच्या विरुद्ध गटाला 'थांब' असे दोन हुकूम बरोबरच निघतात. हे दोन हुकूम जोडीनें न निघते, तर दोन्ही स्नायु एकमेकांशीं झुंजत राहिले असते आणि हात जागचा हलला नसता. १९०६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं हा विचार सविस्तर मांडला. १९३२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

ही जोडी फुटली तर काय होतें, याचें भयंकर उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. धनुर्वाताच्या रोग्याचा जबडा मिटतो, आणि पाठ धनुष्यासारखी वांकते. कोंकणांतील रानांत आढळणाऱ्या काजऱ्याच्या बिया, ज्यांना आपण कुचला म्हणतों, त्यांच्या विषानेंही असेच झटके येतात. त्या विषाला स्ट्रिक्निन असें नांव आहे. शेरिंग्टन यांनीं या दोन्ही विषांचे प्रयोग केले, तेव्हां जेथें स्नायु सैल पडावयाचा, तेथें तो आखडूं लागला. हीं विषें स्नायूंना नवें बळ देत नाहींत. तीं फक्त 'थांब' हा हुकूम नाहींसा करतात. धनुर्वाताचें विष निरोधनाचें द्रव्य बाहेर पडूं देत नाहीं, आणि स्ट्रिक्निन तें द्रव्य पेशीला लागूं देत नाहीं, एवढाच दोहोंमध्यें फरक, हें पुढील संशोधनानें ठरलें. या विषानें आपल्या देशांत पूर्वी कितीतरी नवजात अर्भकें दगावत. गर्भवती मातांस लस टोचण्याच्या व प्रसूतींतील स्वच्छतेच्या उपायांनीं हा रोग मागें हटला, आणि २०१५ सालीं भारतांतून माता व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य करण्यांत आलें.

परंतु 'थांब' हा हुकूम पेशीला कळतो कसा? यावर शास्त्रज्ञांत दोन पक्ष होते. एक म्हणे हें विजेचें काम आहे. दुसरा म्हणे रसायनाचें. शेरिंग्टन यांचेच शिष्य जॉन एकल्स हे वीजपक्षाचे कट्टर पुढारी. १९५१ सालीं न्यूझीलंडमधील डनीडिन येथें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अतिसूक्ष्म टोंकाची काचनळी मांजराच्या पृष्ठरज्जूंतील एका पेशींत शिरविली. स्वस्थ पेशीची आंतली बाजू बाहेरच्यापेक्षां सुमारें ७० मिलिव्होल्टनें ऋण असते. उत्तेजनानें हें ऋण कमी होतें, आणि ठराविक मर्यादेपर्यंत घटलें कीं पेशी आपला निरोप पुढें पाठविते. निरोधनाच्या वेळीं हें ऋण वाढलेलें आढळलें, म्हणजे पेशी त्या मर्यादेपासून आणखी दूर ढकलली गेली. एकल्स यांच्या मतानुसार नोंद याच्या उलट दिशेला जावयास हवी होती. अनेक वर्षें हिरिरीनें मांडलेलें मत त्यांनीं त्या एका नोंदीवरून सोडून दिलें आणि ते रसायनपक्षास मिळाले. १९६३ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वाटा होता.

निरोधनाचें मेंदूंतील प्रमुख द्रव्य आज 'गॅबा' या नांवानें ओळखलें जातें. १९५० सालीं यूजीन रॉबर्ट्स यांनीं तें मेंदूंत असल्याचें दाखविलें; त्याचें काम काय, हें मात्र त्या वेळीं कळलें नव्हतें. त्याच सुमारास अमेरिकेंत एक चमत्कारिक प्रकार घडला. डब्यांतील एका प्रकारच्या दुधावर वाढणाऱ्या कांहीं तान्ह्या मुलांना आंचके येऊं लागले. दूध तयार करतांना दिलेल्या उष्णतेनें त्यांतील ब-६ जीवनसत्त्व नष्ट झालें होतें. तें जीवनसत्त्व देतांच आंचके थांबले. गॅबा तयार होण्यास हेंच जीवनसत्त्व लागतें, या गोष्टीशीं त्याचा मेळ पुढें बसला. १९५७ साली माँट्रिऑल येथें मेंदूच्या अर्कांतील निरोधक द्रव्य तें गॅबाच असल्याचें सिद्ध झालें; आणि नंतरच्या दशकांत शेवंडांच्या मज्जातंतूंवर झालेल्या प्रयोगांनीं त्याला बळकटी आली.

आतां एका पेशीवरून पेशींच्या जाळ्याकडे वळूं. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्याच्या बाह्य थरांत साधारणपणें पांचांपैकीं चार पेशी उत्तेजन देणाऱ्या, तर एक निरोधन करणारी असते. उत्तेजन देणाऱ्या पेशी एकमेकींना चेतवीत राहिल्या, तर गवताच्या गंजीला ठिणगी लागावी तशी सगळ्या मेंदूची स्थिति होईल. ती होत नाहीं, कारण या पेशी शेजारच्या निरोधक पेशींनाही जागें करतात, आणि त्या जाग्या होऊन आग आवरतात. चेतविणें आणि आवरणें यांच्या या पाळीपाळीनें मेंदूंत ताल निर्माण होतात. कांहीं ताल सेकंदाला तीसपासून ऐंशीपर्यंत आंदोलनांचे असतात. १९९६ सालीं व्हान व्ह्रीस्विक व सोम्पोलिन्स्की यांनीं गणितानें दाखविलें कीं, अशा जाळ्यांत दोन्ही हुकूम मोठे असूनही जवळजवळ एकमेकांना तोलून धरतात. त्यामुळें पेशी नेहमीं मर्यादेच्या कांठावर असते, आणि बाहेरून थोडासा फरक झाला तरी सर्व जाळें तत्काळ प्रतिसाद देतें. म्हणजे निरोधन हें मेंदूला केवळ मंद करीत नाहीं. तेंच त्याला चपळ ठेवतें.

हा तोल ढळला म्हणजे काय होतें, तें अपस्माराच्या झटक्यांत दिसतें. असंख्य पेशी एकाच वेळीं बेलगाम निरोप सोडूं लागतात. त्यावरील औषधांपैकीं कांहीं औषधें गॅबाचेंच काम बळकट करतात. असें असतां आपल्या सुशिक्षित घरांतूनही झटका आलेल्या मुलाच्या नाकाशीं कांदा किंवा जोडा धरतात, आणि मुलीचें दुखणें लग्नापर्यंत झांकून ठेवतात. बहुतेक झटके कांहीं मिनिटांत आपोआपच थांबतात. पण श्रेय मात्र जोड्याला मिळतें. रोग्याला कुशीवर वळवावें, तोंडांत कांहींही घालूं नये, आणि झटका पांच मिनिटांहून अधिक चालला तर विलंब न लावतां वैद्यकीय मदत मिळवावी. पुढील उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानें नेमानें चालवावे.

वेबर बंधूंच्या त्या थांबलेल्या हृदयापासून आजपर्यंतच्या या इतिहासाचा मथितार्थ एवढाच कीं, आवरणें हीही एक क्रिया आहे. श्रोतेहो, आपण या क्षणीं स्वस्थ बसून ऐकत आहां, त्या स्वस्थपणासाठींही आपल्या मेंदूंतील कोट्यवधि पेशी राबत आहेत. ज्या घरांत एखाद्याच्या मेंदूचा हा तोल अधूनमधून ढळतो, त्या घरानें त्याची लाज बाळगण्याचें कांहींच कारण नाहीं.