पुढचे चार आकडे

बऱ्याच अमेरिकन फॉर्मांवर झिप कोडसाठी दोन चौकोन असतात. एक पाच आकड्यांचा, मग आडवी रेघ, मग एक चार आकड्यांचा. पहिला सगळ्यांना भरता येतो, दुसऱ्यापाशी माणूस अडतो.

तर मंडळी, हा दुसरा चौकोन मी एकदा सक्तीचा केला होता. नोकरीचं पहिलं वर्ष, पुण्यात बसून अमेरिकन क्लायंटचं काम. स्पेकमध्ये 'झिप ५+४' एवढंच लिहिलेलं. मी दोन्हींपुढे लाल चांदणी टाकली आणि चहाला गेलो. तीन महिन्यांनी डेटाबेस उघडला तर ढीगभर लोकांचे शेवटचे चार आकडे १२३४! काहींचे ००००. आणि त्या पत्त्यांवर औषधोपचाराच्या खर्चाचे चेक जायचे होते. मग झक मारत या आकड्यांचा इतिहास वाचला.

सुरुवात १९४३ ची. महायुद्धामुळे पोस्टातले मुरलेले कारकून सैन्यात गेले आणि शहरातल्या गल्ल्या तोंडपाठ असणारं कुणी उरेना. म्हणून मोठ्या शहरांचे क्रमांकित विभाग पाडले. पत्त्यात 'मिनियापोलिस १६' असं लिहायचं. आपल्याकडे जुन्या पाकिटांवर 'मुंबई २८' दिसतं ना, तसंच. (आजच्या ४०००२८ मधले शेवटचे दोन आकडे तेच.)

पुढे टपाल वाढतच गेलं. १९४३ मध्ये वर्षाला ३३ अब्ज नग होते, ते १९६२ पर्यंत दुप्पट झाले. गंमत म्हणजे याला बऱ्याच अंशी जबाबदार आमची जमात! कंप्युटर आल्यावर बँका आणि विमा कंपन्या बिलं, स्टेटमेंटं छापत सुटल्या. १९६३ पर्यंत सुमारे ८० टक्के टपाल धंद्याचंच होतं. त्या वर्षी १ जुलैला पाच आकडी झिप कोड आला. पहिल्या तीन आकड्यांची कल्पना फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट मून या पोस्टल इन्स्पेक्टरनं १९४४ मध्येच मांडली होती. उदाहरणार्थ ०८८२०, म्हणजे न्यू जर्सीतलं एडिसन. ० म्हणजे ईशान्येकडची राज्यं, ०८८ म्हणजे छाटणीचं प्रादेशिक केंद्र, शेवटचे दोन स्थानिक पोस्ट. (हा कोड नंबर म्हणून साठवला की पुढचा शून्य उडतो. तेही करून झालंय. असो.)

पण पाच आकड्यांनी पत्र पोस्टापर्यंतच पोचतं. तिथून पुढे कुठल्या पोस्टमनच्या गठ्ठ्यात टाकायचं, हे परत माणसालाच ठरवावं लागे. तेवढ्यासाठी पुढचे चार आकडे. त्यातले पहिले दोन म्हणजे काही रस्त्यांचा मिळून एक तुकडा, नंतरचे दोन म्हणजे त्यातली रस्त्याची एक बाजू, एखादी मोठी इमारत किंवा तिचा एखादा मजला. लोकांना ही कल्पना मुळीच आवडली नाही, नऊ आकडे कोण लक्षात ठेवणार? काँग्रेसनं १९८१ मध्ये कायदा करून ही योजना ऑक्टोबर १९८३ पर्यंत रोखून धरली. शेवटी ती आली, पण ऐच्छिक म्हणून. गठ्ठ्यानं पत्रं टाकणाऱ्या कंपन्यांनी नऊ आकडे वापरावेत आणि टपाल दरात सवलत घ्यावी, असा सौदा होता. घरातल्या माणसानं ते पाठ करावेत अशी गरजच नव्हती.

माझी चूक नेमकी इथे होती. रस्ता, घर नंबर आणि गाव दिलं की हे चार आकडे सॉफ्टवेअर पोस्टाच्या यादीतून स्वतः शोधतं. शिवाय पोस्ट ते मधूनमधून बदलतंही. माणसाला विचारलं की माणूस थाप मारतो, आणि ती थाप बारकोड होऊन पाकिटावर छापली जाते. मशीन पत्ता वाचतच नाही, बारकोड वाचतं. पाकीट भलत्याच पोस्टमनकडे जातं, तो बिचारा पत्ता वाचून परत पाठवतो, मशीन पुन्हा बारकोड वाचतं आणि पुन्हा त्याच्याचकडे धाडतं. कुणीतरी पेननं बारकोड खोडेपर्यंत हे चक्र चालू राहू शकतं. आमचे काही चेक असेच फिरत राहिले होते. पलीकडे हॉस्पिटलचं बिल भरून पैशांची वाट बघणारी माणसं होती, हे मला कळलं ते त्यांच्या तक्रारी वाचताना.

आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. संस्कृतचे हे पंडित केंद्राच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते. त्यांचे सहा आकडे पोस्टापाशी थांबतात, पुढचं सगळं पोस्टमनच्या डोक्यात. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला, साधारण चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरं-आकडे. आता कुणीतरी पोरगा त्याच्यापुढे लाल चांदणी टाकणार, या विचारानं मला धडकी भरते.

माझी चांदणी पुढच्या रिलीजमध्ये काढली. १२३४ वाले रेकॉर्ड साफ करायला दोन शनिवार गेले.