दहावीनंतर अकरावी, डिप्लोमा की आयटीआय? अर्ज भरण्याआधी समजून घ्या

दहावीचा निकाल लागला की मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत एकच चर्चा असते, 'कुठलं कॉलेज मिळणार?' पण त्याआधी कॉलेजचा प्रकार ठरवायला हवा. अकरावी, पॉलिटेक्निक आणि आयटीआय यांचे प्रवेश अर्ज वेगवेगळे असतात. फक्त अकरावीचा अर्ज भरून थांबलात, तर बाकीच्या दोन्हींची मुदत निघून जाऊ शकते.

१. कनिष्ठ महाविद्यालय (अकरावी-बारावी)

मुदत २ वर्षे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या मुख्य शाखा. विज्ञान शाखेत विषय जपून निवडा. इंजिनीअरिंगच्या बहुतेक शाखांसाठी गणित लागतं, तर एमबीबीएससाठी जीवशास्त्र आणि 'नीट' परीक्षा.

२०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात. त्या वर्षीच्या नियमानुसार, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडत होता. म्हणून मीरा रोडहून रोज लोकलने जाणं जमेल, असंच कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाका.

२. पॉलिटेक्निक (डिप्लोमा)

मुदत ३ वर्षे. दहावीला किमान ३५ टक्के गुण हवेत. वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन आणि विलेपार्ल्याचं भगुभाई मफतलाल पॉलिटेक्निक पश्चिम रेल्वेच्याच मार्गावर आहेत.

डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. बारावीमार्गे पदवीला २ अधिक ४, तर डिप्लोमामार्गे ३ अधिक ३ वर्षे लागतात. म्हणजे दोन्हीकडे ६ वर्षेच. फरक एवढाच, की घरची परिस्थिती बदलली, तर डिप्लोमावाल्याच्या हातात नोकरीलायक प्रमाणपत्र आधीच असतं. मात्र डॉक्टर व्हायचं असेल, तर हा मार्ग नाही.

३. आयटीआय

वेल्डरसारखे ट्रेड १ वर्षाचे, इलेक्ट्रिशियन आणि फिटर २ वर्षांचे. शिक्षण मुख्यतः प्रत्यक्ष कामाचं. पुढे कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाटही आहे.

एक-दोन विषय राहिले तर?

एटीकेटीची सवलत मिळालेल्यांना अकरावीला प्रवेश घेता येतो. राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास विद्यार्थीही चालतात.

थोडक्यात: निर्णय पक्का नसेल, तर अकरावीसोबत डिप्लोमा किंवा आयटीआयचा अर्जही भरून ठेवा. मूळ शाळा सोडल्याचा दाखला एकच असतो, त्यामुळे तो कुठे जमा करायचा हे शेवटी ठरवा.