जुन्या नियतकालिकांचे जतन व वाचन

दिनांक २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिलला, बाबासाहेबांनी मुंबईत ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. महाडच्या लढ्याची साक्ष त्याच्या अंकांत आहे. आर्थिक ओढाताणीत १९२९ साली ते बंद पडले. पुढे १९९० साली महाराष्ट्र शासनाने हे अंक ‘मूकनायका’सह ग्रंथरूपाने छापले, म्हणून ते टिकले. आज त्यांच्या छायाप्रती आंतरजालावरही आहेत.

तथापि शेकडो पानांची एकसंध फाइल पोलादपूरच्या डोंगरवाडीतील तरुणाच्या मोबाइलवर सहज उतरत नाही. उतरलीच, तर टंक बारीक दिसतो. आणि नुसत्या छायाचित्रात ‘महाड’ हा शब्द शोधून सापडत नाही. यास्तव प्रत्येक अंक निराळा ठेवावा, मजकूर अक्षरांत उतरवून तपासावा व गावांची आणि व्यक्तींची सूची जोडावी, असे आम्हांस वाटते.

या कार्याचा प्रारंभ आपल्या संस्थेच्या जुन्या अहवालांपासून व स्मरणिकांपासून व्हावा. ज्यांच्या घरी असे अंक असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता संस्थेकडे द्यावेत, ही समाजबांधवांस आमची नम्र विनंती आहे.