नेरूळचे सामने आणि आपला लेफ्ट बॅक

आपल्या शाळेच्या दिवसांत फुटबॉल म्हणजे सिडकोचा एखादा मोकळा प्लॉट आणि गोलपोस्ट म्हणून दोन दगड. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, मुंबई सिटीचे घरचे मैदान नेरूळचे डी. वाय. पाटील ठरले आणि आपली टोळी मानसरोवरहून लोकल पकडू लागली. १८ ऑक्टोबरला आंद्रे मॉरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक केली, पुण्याचा ५-० धुव्वा उडाला. तरी डब्यात वाद एकच : ल्युंगबर्ग फिट होणार कधी? एवढ्या नावाचा स्वीडिश खेळाडू, पण दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळला. आठ संघांत मुंबई सातवी आली.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात सगळ्यांची आशा कोल्हापूरच्या अनिकेत जाधववर. भारताचे सामने दिल्लीत. आपण टीव्हीसमोर बसून त्या पोराकडून गोल मागत होतो! भारत तिन्ही सामने हरला.

या चर्चांत आपला लेफ्ट बॅक गप्पच असे. नववीत गुडघा सुजलेला असताना आपणच क्रेप बँडेज गुंडाळून त्याला मैदानात उतरवले होते. "काही होत नाही रे," म्हणणारा मीच. नेरूळ स्टेशनचा जिना तो अजून कठडा धरून चढतो.