ओळखीच्या माणसांत जन्मलेले नियम

मानसोपचारातल्या मर्यादा शहरांसाठी आहेत, गावात त्या चालायच्या नाहीत, असं पुष्कळ जण मानतात. त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. शहापूर तालुक्यातल्या शेणव्यासारख्या गावात समुपदेशक म्हणून बाई रुजू झाल्या की पहिल्याच भेटीत विचारणा होते, "ताई, तुम्ही आमच्या वहिनीच्या माहेरच्या ना?" मग त्याच घरून गावठी अंडी येतात, हळदीचं आमंत्रण येतं. आणि शिकताना तर सांगितलेलं असतं की पेशंटशी दुसरं कुठलंही नातं नको.

पण या नियमांचं कूळ शोधत गेलं, तर ते अनोळखी माणसांच्या गर्दीत सापडत नाही. ते सापडतं एका गोतावळ्यात. व्हिएन्नात बेर्गगासे 19 या इमारतीत मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचं राहतं घर होतं आणि दवाखानाही तिथेच. शिष्य, मित्र, पेशंट यांची सरमिसळ नेहमीची. 1907 मध्ये एर्न्स्ट लान्झर हा तरुण पेशंट भुकेला आला, तर फ्रॉइडनं त्याला जेवू घातलं आणि टिपणात तशी नोंदही केली. 1918 पासून तर त्यानं पोटच्या मुलीचं, ॲनाचं, मनोविश्लेषण केलं. आज कुठलाही उपचारक असं करणार नाही.

नियमांची खरी निकड दिसली ती झुरिकमध्ये. तिथल्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात 1904 साली 18 वर्षांची साबिना श्पिलराइन दाखल झाली. कार्ल युंग तिचा डॉक्टर. पुढे उपचारांचं नातं प्रेमात गुंतलं. मुलीच्या आईनं जाब विचारला तेव्हा युंगनं तिला लिहिलं की मी फी घेतलेली नाही, त्यामुळे डॉक्टरच्या मर्यादेनं मी बांधलेला नाही. मर्यादा हवी असेल तर भेटीचे दहा फ्रँक द्या. हे वाचताना आजही संताप येतो. युंग तोवर फ्रॉइडच्या गोतावळ्यात आला होता. 1909 मध्ये प्रकरण फ्रॉइडपर्यंत पोचलं आणि त्यानं पत्रातून धीर दिला तो युंगला. मात्र त्याच पत्रात त्यानं डॉक्टरच्या मनात पेशंटविषयी उसळणाऱ्या भावनांना 'प्रतिसंक्रमण' म्हणून ओळखलं आणि डॉक्टरनं त्यावर ताबा मिळवायला हवा, असं सांगितलं. श्पिलराइन पुढे स्वतः मनोविश्लेषक झाली, ही गोष्ट तिच्या नावाबरोबर सांगितलीच पाहिजे.

1913 मध्ये फ्रॉइडनं उपचार सुरू कसे करावेत यावर निबंध लिहिला. पेशंटचा तास ठरलेला. तो आला नाही तरी त्या तासाचे पैसे त्यानंच द्यायचे. फीविषयी आडपडदा नको. मित्राला किंवा मित्राच्या घरच्यांना उपचाराला घेतलंत, तर मैत्रीवर पाणी सोडायची तयारी ठेवा. कोचावर पेशंट आडवा आणि आपण त्याच्या डोक्यामागे का, याचं एक कारणही त्यानं सरळ सांगितलं: दिवसाचे आठ तास कुणी आपल्याकडे टक लावून बघणं त्याला सोसत नसे. 1915 मध्ये त्यानं प्रेमात पडलेल्या पेशंटविषयी लिहिलं. त्या प्रेमाचा फायदा डॉक्टरनं घ्यायचा नाही.

पुढचा प्रवास संथ आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली आचारसंहिता 1953 ची, पण पेशंटशी लैंगिक संबंधाला तीत स्पष्ट मनाई यायला 1977 उजाडलं. 1992 च्या संहितेनं मान्य केलं की अनेक ठिकाणी पेशंटशी इतर गाठीभेटी टाळणं शक्यच नसतं. पुढच्याच वर्षी गुटहाइल आणि गॅबार्ड या दोन मनोविकारतज्ज्ञांनी रेषा ओलांडणं आणि रेषा मोडणं यांत फरक केला. पेशंटचं भलं होत असेल आणि त्याविषयी त्याच्याशी मोकळेपणानं बोलता येत असेल, तर ते ओलांडणं. त्याचं शोषण होत असेल तर ते मोडणं. अंडी आणि हळद पहिल्या खात्यात बसू शकतात.

आपल्याकडे जसवंतसिंग नेकी यांनी 1973 मध्ये गुरू-चेल्याचं नातं उपचारांसाठी नमुना म्हणून मांडलं. भारतीय पेशंटला कोरडं अंतर नको असतं, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. तरी मला तो नमुना जोखमीचा वाटतो. चेला सगळं गुरूवर सोपवून मोकळा होतो, मग गुरूचा पाय घसरला तर त्याला अडवणार कोण?

गावात सगळ्यात अवघड जाते ती गुप्तता. सुनेला घेऊन आलेली सासू दाराशीच थांबते आणि नंतर विचारते, "काय बोलली ती?" 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा इथे बाईंच्या पाठीशी आहे. त्याच्या 23 व्या कलमानं पेशंटला गुप्ततेचा हक्क दिला आहे. नियुक्त प्रतिनिधीला काळजी घेण्यापुरतं सांगता येतं, कुणाच्या जिवाला धोका असेल तर तेवढंच सांगता येतं. म्हणून बाईंनी सासूला म्हणावं, "काकू, गोळ्या वेळेवर घेते का तेवढं बघा. बाकीचं तिला वाटलं तर तीच सांगेल."

आणि रस्त्यात गाठ पडली तर? शहरातला रिवाज असा की पेशंटनं ओळख दाखवली तरच उपचारकानं दाखवावी. गावात तसं केलं तर बाईंना माज आलाय म्हणतील. तेव्हा पहिल्याच बैठकीत विचारून घ्यायचं: बाजारात दिसलात तर हाक मारू का, आणि सोबतच्यांनी विचारलं तर ओळख कुठली सांगायची?