केटल मोरेनच्या रानात मुक्कामाला जाण्यापूर्वी



यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार कुटुंबं विस्कॉन्सिनमधल्या केटल मोरेन स्टेट फॉरेस्टमध्ये दोन रात्री तंबूत राहायला जाणार आहोत. तिथली जागा अकरा महिने आधीपासून राखून ठेवता येते आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा भराभर संपतात, म्हणून तयारी हिवाळ्यातच सुरू झाली. तंबू, शेगडी, शिदोरी यांच्या याद्या करता करता मी त्या जागेचा इतिहासही वाचत गेले. तो वाचल्यावर आमचे काही बेत बदलले. म्हणून आज यादीच्या आधी इतिहास सांगते.

या रानाची जमीन बर्फाने घडवली आहे. शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाचे दोन मोठे फाटे इथे शेजारीशेजारी आले. एक आजच्या मिशिगन सरोवराच्या बाजूचा, दुसरा ग्रीन बेच्या बाजूचा. दोघांनी वाटेतले दगड, वाळू, माती ओढून आणली आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात टाकली. बर्फ वितळून मागे हटला त्याला पंधरा हजारांहून जास्त वर्षं झाली, पण टाकलेला माल तसाच राहिला. सुमारे १२० मैल लांबीची टेकड्यांची ही रांग म्हणजेच केटल मोरेन.

तिथले आकार स्वयंपाकघरातल्या वस्तूंवरून चटकन समजतात. केटल म्हणजे पातेलं. वाळूखाली बर्फाचा मोठा तुकडा गाडला गेला, तो सावकाश वितळला आणि वरची जमीन खचून पातेल्यासारखा खोलगट खड्डा झाला. अशा काही खड्ड्यांत आज तळी आहेत. चाळणीला एकाच जागी भोक पडलं तर खाली पिठाचा उंच ढीग होतो ना, तसं बर्फातल्या भोकांमधून पाण्याबरोबर वाळू-खडी पडत राहिली आणि शंकूसारख्या टेकड्या उभ्या राहिल्या. लाँग लेकजवळची डंडीची टेकडी तशीच आहे. बर्फाच्या पोटातल्या बोगद्यांतून नद्या वाहत. त्यांच्या तळाशी साचलेली वाळू बर्फ गेल्यावर शेताच्या बांधासारखी उघडी पडली. पार्नेलजवळ असा नागमोडी बांध काही मैल जातो.

थॉमस चेंबरलिन या भूवैज्ञानिकाने १८७८ मध्ये या टेकड्यांवर सविस्तर लिहिलं आणि बर्फाच्या फाट्यांनी त्या कशा घडवल्या ते मांडलं. त्याआधी लोकांना त्या नुसत्या खडकाळ, नांगराला त्रास देणाऱ्या टेकड्या वाटत. हे रान थोडंफार टिकलं त्याचं एक कारण हेच, की उतार आणि दगडगोटे यांमुळे तिथे गव्हाची शेती नीट होत नव्हती.

आता माणसांकडे येते. या भागात पोटावाटमी, हो-चंक आणि मेनॉमिनी लोक राहत होते. त्यांच्या पूर्वजांच्या काळातले पशुपक्ष्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे आजही आग्नेय विस्कॉन्सिनमध्ये पाहायला मिळतात. १८३३ च्या शिकागो करारात पोटावाटमींकडून मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची जमीन घेतली गेली आणि त्यांतल्या बहुतेकांना मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. आपण ज्याला ‘कुणाचीही नसलेली निसर्गरम्य जागा’ म्हणतो, ती कुणाची तरी होती. मुलांना हे सांगितल्याशिवाय तिथे तंबू ठोकायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

नंतर १८३६ मध्ये इन्क्रीस लॅपम मिलवॉकीला आला. शस्त्राला नकार देणाऱ्या क्वेकर पंथाच्या घरात वाढलेला हा माणूस स्वतः शिकत शिकत वनस्पती, हवामान, नकाशे या सगळ्यांचा जाणकार झाला. ते मातीचे उंचवटे नांगराखाली नाहीसे होत होते, तेव्हा त्याने गावोगाव फिरून त्यांची मोजमापं घेतली आणि १८५५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६७ मध्ये त्याने दोन सहकाऱ्यांसोबत राज्याला अहवाल दिला, की जंगलं या वेगाने तोडली तर पुढे भयंकर परिणाम होतील. तोड काही थांबली नाही. चारच वर्षांनी, ८ ऑक्टोबर १८७१ ला, विस्कॉन्सिनच्या ईशान्येला पेश्टिगोची आग लागली. कोरडा उन्हाळा होता, रानात तोडीचा पालापाचोळा साठला होता, आणि हजाराहून जास्त माणसं गेली. त्याच रात्री शिकागोही जळत होतं, म्हणून जगाला शिकागो आठवतं आणि पेश्टिगो आठवत नाही. आपल्या पिवॉकीच्या जैन मंदिरापासून पंधरा-वीस मिनिटांवर जे लॅपम पीक आहे, ते याच माणसाच्या नावाचं. तेही केटल मोरेन फॉरेस्टचाच भाग आहे.

रान राखण्याचं काम मात्र पुढच्या पिढीने केलं, आणि इथे आमच्या घरात वाद झाला. १९२० च्या दशकात मून लेक नावाच्या तळ्याभोवतीची जमीन विकत घेऊन वाचवली ती आयझॅक वॉल्टन लीगच्या मिलवॉकी शाखेने. ही संस्था मुळात गळ टाकून मासे पकडणाऱ्यांची! तिथून सुरुवात होऊन १९३७ मध्ये हे राज्याचं रान झालं. त्याच वर्षी देशात कायदा झाला, की बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाला जाईल. आजही या रानात ठरलेल्या हंगामांत शिकारीला परवानगी आहे. नोव्हेंबरच्या शेवटी हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचे नऊ दिवस असतात.

सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि हातातलं निवडायचं तांदळाचं ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, “अगं, जिथं हरणं मारतात तिथं आपण हौसेनं जाऊन राहायचं?”

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, “आई, या लोकांनी विकत घेतलं नसतं तर तिथे आज हरणंही नसती आणि झाडंही नसती.” त्या म्हणाल्या, “म्हणून मारणं बरं होत नाही.” दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यांतलं एक खोडून दुसरं ठेवावं असं मला वाटत नाही. तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्या आहेत: मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ. हा इतिहास वाचताना मला त्या चारही एकाच माणसांच्या बाबतीत लागल्या. त्यांनी जमीन राखली त्याबद्दल प्रमोद, ते मारतात त्याबद्दल माध्यस्थ, हरणांबद्दल आणि घालवून दिलेल्या पोटावाटमींबद्दल कारुण्य, आणि सगळ्यांशी मैत्री. हात स्वच्छ असलेल्यांनीच जग राखलं असं मुलांना सांगणं खोटं होईल. आणि आपले हात स्वच्छ आहेत म्हणून आपण काही राखलंच नाही, तर तोही पुण्याचा हिशोब नव्हे.

पुढे रे झिलमर या मिलवॉकीच्या वकिलाने बर्फाच्या या रेषेवरून राज्यभर पायवाट असावी असा ध्यास घेतला आणि १९५८ मध्ये त्यासाठी संस्था काढली. खासदार हेन्री रॉइस यांनी तो विषय संसदेत लावून धरला. १९८० मध्ये आइस एज ट्रेलला राष्ट्रीय दर्जा मिळाला. सुमारे १,२०० मैलांची ही वाट आपल्या रानातूनही जाते. तिची निगा आजही बरेचसे स्वयंसेवक राखतात. त्या कामाला ना गळ लागतो ना बंदूक, फक्त खुरपं आणि सकाळचे चार तास लागतात.

आता आमचे बेत.

तारीख जूनची ठेवली. चातुर्मास अजून लागलेला नसतो, हरणांच्या शिकारीचा हंगाम दूर असतो, आणि सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. दोन घटका आधी, म्हणजे पावणेआठपर्यंत, सगळ्यांची जेवणं निवांत आटोपतात. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग सुंदर असतात, पण सव्वासहाच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि दिवसभर चालून आलेल्या मुलांना घाईघाईने जेवावं लागतं. जूनमध्ये डास असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाळीचा तंबू घेऊ, आणि रात्री दिवा कमीत कमी लावू म्हणजे किडे येऊन मरणार नाहीत.

शेकोटी करायची नाही. लांबून सरपण आणायला तिथे बंदी आहे. दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. अ‍ॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगेरा लाकडातून पसरतो. तो या राज्यात २००८ मध्ये सापडला. सासूबाईंना हा नियम सांगावाच लागला नाही. चुलीत घालण्याआधी प्रत्येक काटकी आपटून, झटकून बघायची, हे त्यांच्या हातात आयुष्यभर आहे. लाकडात जीव असतो हे सरकारला झाडांसाठी कळलं, आपल्याला जिवासाठी.

पाणी तिथल्या नळाचं, पण गाळणं सोबत. जेवणात कंदमूळ नाही: दशम्या, मेथीचे ठेपले, मुगाची खिचडी, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. उरलेलं सगळं गाडीत बंद, म्हणजे रॅकूनला माणसाच्या अन्नाची चटक लागणार नाही.

आणि रविवारी सकाळी निघण्याआधी दोन तास, पायवाटेवर वाढलेलं नको ते झुडूप काढायला मदत करता येईल का, हे आम्ही तिथल्या स्वयंसेवकांना विचारलं आहे. आधी सासूबाईंचं ऐकून घ्यावं लागलं, की झुडूपही वनस्पतिकायच. बाहेरून आलेलं बकथॉर्न इतर झाडांना वाढू देत नाही, हे मी समजावलं. त्यांचं अजून पटलेलं नाही. त्या दोन तासांत त्या वाटेवरचा कचरा वेचणार आहेत, आणि मुलांपैकी दोघींनी त्यांच्यासोबत जायचं ठरवलं आहे.