'सुधारणे'पासून 'स्मार्ट'पर्यंत

भोपाळच्या अशोका गार्डनमधली एखादी जागा राहण्यासाठी की दुकानांसाठी, हे शहराच्या 'विकास योजने'वरून ठरतं. ही योजना तयार करतं 'नगर तथा ग्राम निवेश' खातं. दोन्ही संज्ञा मध्य प्रदेशच्या १९७३च्या कायद्यातल्या. पण नगररचनाकारांच्या बोलीतला 'विकास' याहून बराच जुना आहे, आणि कायद्यांच्या व अहवालांच्या नुसत्या शीर्षकांवरूनही त्याचा माग लागतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८च्या कायद्याने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. तेव्हाचा परवलीचा शब्द 'सुधारणा'. तिचा व्यवहारातला अर्थ दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणं. राहणाऱ्यांना तो शब्द कसा ऐकू आला असेल, याची कल्पना करावी. १९१५च्या मुंबईच्या कायद्याने शीर्षकात 'टाउन प्लॅनिंग' आणलं. इंग्लंडने सहाच वर्षांपूर्वी तसा कायदा केला होता.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने १९१८ साली इंदूरच्या होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'नगररचनेकडून नगरविकासाकडे'. सरसकट पाडापाडी गेडिसला नामंजूर. आधी शहर पायी हिंडून समजून घ्यायचं, मग गरजेपुरतीच काटछाट करायची, ही त्याची रीत. त्याच्या 'विकासा'त गटारं होती, तसं नागरिकांचं शिक्षणही होतं.

१९५४च्या मुंबईच्या कायद्याने नगरपालिकांवर विकास योजनेची सक्ती केली आणि 'विकास' जमिनींच्या आरक्षणांच्या रंगीत नकाशात बसला. २००५ साली केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेने निधीसाठी 'सिटी डेव्हलपमेंट प्लॅन' मागितला. शब्द गेडिसचेच, पण आत प्रकल्प आणि खर्चाचे आकडे. माझ्या मते या धंद्यात शब्दाचा अर्थ पालटतो तो बहुधा पैसा देणारा पालटला की.

जून २०१५ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानातून 'स्मार्ट' आलं. जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत भोपाळ होतं. 'पुनर्विकासा'साठी आधी शहरातला शिवाजीनगर-तुळशीनगर हा भाग निवडला. झाडांसाठी लोक उभे राहिले, तेव्हा प्रकल्प टी. टी. नगरात गेला. केंद्राचं हे अभियान ३१ मार्च २०२५ला आटोपलं. अशोका गार्डनला लागू असलेल्या विकास योजनेवर मात्र साल आहे २००५. तिच्या जागी आणण्यासाठी २०३१चा मसुदा २०२० मध्ये निघाला आणि २०२३ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा निघाला.